१४ जुलै : सण फ्रान्सचा, झगा कुणाचा?

सुईदोरा

जुलै लागला की पॅरिसमध्ये दोन मिरवणुकी लागोपाठ निघतात. आधी ओत कुत्यूरचे शो, म्हणजे अंगावर बेतून हाताने शिवलेले, ज्यांची किंमत विचारायची नसते असे कपडे. ते आटोपतात न आटोपतात तोच १४ तारखेचं शाँझ-एलिझे या हमरस्त्यावरचं लष्करी संचलन. पहिल्याला आमंत्रण लागतं, दुसऱ्याला सकाळी लवकर उठून जागा धरावी लागते. मी इथे कापडाच्या धंद्यात आहे, त्यामुळे दोन्हीकडे माझी नजर कपड्यांवरच जाते. त्यातून बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक विषय इथे टाकतेय.

१४ जुलै म्हणजे बास्तियचा तुरुंग फोडला तो दिवस, एवढं शाळेत शिकलो. पण हा राष्ट्रीय सण ठरला तो १८८० साली, ६ जुलैच्या कायद्याने, आणि कुठल्या सालचा १४ जुलै हे त्या कायद्यात लिहिलेलंच नाही. १७८९ म्हटलं की रक्तपात आला. तो ज्यांच्या घशाखाली उतरत नव्हता त्यांनी खुशाल १७९० चा धरावा. त्या दिवशी राजापासून सगळ्यांनी एकत्र शपथा घेतल्या होत्या. अशी मुत्सद्देगिरी पोटात असलेला सण मला फार आवडतो.

आता १९८९ वर येते. क्रांतीची द्विशताब्दी होती. मित्तराँ अध्यक्ष, जगभरचे पुढारी पाहुणे म्हणून हजर. रात्रीच्या मिरवणुकीचं काम दिलं जाँ-पॉल गूदला, म्हणजे जाहिरातींच्या जगातल्या माणसाला. त्याने काय काय केलं ते बघा: सुरुवातीला सायकली हाती धरून चालत जाणारे चिनी विद्यार्थी आणि एक अवाढव्य, मुका ठेवलेला ढोल (बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातल्या हत्याकांडाला जेमतेम सहा आठवडे झाले होते). ब्रिटिशांच्या पथकावर कृत्रिम पाऊस, सोव्हिएत पथकावर कृत्रिम बर्फ. अमेरिकेच्या वतीने फ्लोरिडाच्या कृष्णवर्णीय विद्यापीठाचा बँड, नाचत नाचत. आणि शेवटी प्लास द ला काँकोर्दवर, जिथे सोळाव्या लुईचं डोकं उडवलं त्या चौकात, ऑपेरा गायिका जेसी नॉर्मनने मार्सेयेज, म्हणजे फ्रान्सचं राष्ट्रगीत, म्हटलं.

तिचा तो झगा शोधून बघाच. निळा-पांढरा-लाल, सगळा घोळदार, शिवलेला कमी आणि गुंडाळलेला जास्त वाटावा असा, मागे लांबच लांब सोडलेला. एरवी राष्ट्रध्वजाचे कपडे केले की ते शाळेच्या गॅदरिंगसारखे दिसतात. इथे बाई चालायला लागली की रंग एकमेकांत मिसळायचे आणि ती थांबली की परत वेगळे व्हायचे. कापडाचा भार किती आणि तो खांद्यावर कुठे टेकवायचा हे ज्याला कळतं तोच असं करू शकतो. करणारा होता अझेदिन अलाया, ट्युनिसचा. कपडे त्याच्या हातचे म्हणजे दुसऱ्या त्वचेसारखे अंगासरशी बसणारे अशी ख्याती, आणि इथे त्याने नेमकं उलटं केलं.

म्हणजे फ्रान्सच्या दोनशे वर्षांच्या उत्सवाचा कळस, त्यात गाणारी अमेरिकन आणि शिवणारा ट्युनिशियन. हा योगायोग म्हणावा तर मागे जाऊन बघा. ओत कुत्यूर सुरू केलं ते १८५८ साली र्‍यू द ला पेवर दुकान थाटणाऱ्या वर्थने, तो इंग्रज. स्कियापारेल्ली इटालियन. बालेन्सियागा स्पॅनिश. शनेल सावरलं लागरफेल्डने, तो जर्मन. फ्रान्सने स्वतःचं म्हणून जगापुढे जे रूप ठेवलं ते बहुतेक बाहेरून आलेल्यांनी सजवलं. फ्रेंच लोक याबद्दल खासगीत एक बोलतात आणि चारचौघांत दुसरं. तुमचं मत काय?

वाचनमात्र_नाना

मी पयला! शीर्षक बघून वाटलं, आला "झगामगा मला बघा" छापाचा धागा. आता सावकाश वाचतो.

कोथरूडची_केतकी

मस्त लिहिलंयस सुईदोरा. एक बाळबोध प्रश्न. ओत कुत्यूर आणि नुसते महागडे ब्रँडेड कपडे यांत फरक काय? की पैसे जास्त मोजले की आपोआप ओत कुत्यूर?
(आम्ही १४ जुलैच्या सुमाराला पॅरिसला जातोय, त्यामुळे या धाग्यावर मुक्काम ठोकणार आहे.)

सुईदोरा

@केतकी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, इथल्या दुकानांतही लोक तोच गोंधळ घालतात. हा शब्द कायद्याने राखीव आहे, १९४५ पासून. कुणीही पाटीवर लिहू शकत नाही. पॅरिसमध्ये स्वतःचा कारखाना हवा, त्यात ठरावीक संख्येने पगारी कारागीर हवेत, कपडे गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेले हवेत आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नवे कपडे दाखवायला हवेत. कोण बसतं आणि कोण नाही, त्याची यादी सरकारच्या शिक्क्यानिशी निघते.

कारखान्यात दोन विभाग असतात. एक "फ्लू", म्हणजे सुळसुळीत, अंगावरून ओघळणारे कपडे. दुसरा "तायर", कोट-जाकिटांसारखे बांधेसूद. दोन्हीकडचे हात वेगळे. तायरवालीला शिफॉन दिलं तर ती तोंड वाकडं करते. खरं कापड कापण्याआधी संपूर्ण झगा साध्या सुती कापडात शिवून बघतात, आपलं मांजरपाट असतं ना, तसंच. त्यावर पेन्सिलीच्या खुणा, टाचण्या, उसवाउसवी. बाई उभी राहते, मुख्य कारागीर गुडघ्यावर बसून घेर तपासते. हा मांजरपाटाचा झगा मनासारखा झाला की मगच रेशमाला कात्री. शेवटी जे दिसतं त्याच्यामागे असं आख्खं एक सुती भूत असतं.

इतिहासाचार्य_धाकटे

धागा आवडला, पण लेखिकेने गोष्ट शंभर वर्षं उशिरा सुरू केली आहे असं माझं नम्र मत.

क्रांती आणि कपडे यांची गाठ पहिल्या दिवसापासून आहे. मे १७८९ मध्ये व्हर्सायला स्टेट्स जनरल (धर्मगुरू, सरदार आणि बाकीची जनता अशा तीन वर्गांची सभा) भरली तेव्हा कुणी काय घालायचं ते दरबाराने ठरवून दिलं होतं. सरदारांना सोनेरी किनारीचे रेशमी कोट आणि पिसांच्या टोप्या. तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींना साधा काळा कोट, तलवार नाही, सोनं नाही. अपमान करावा म्हणून दिलेला हा काळा कोट लोकांनी डोक्यावर घेतला. पुढच्या शतकात युरोपातला झाडून सगळा पुरुषवर्ग काळ्या कोटात वावरला, त्याचं एक मूळ इथे आहे.

बास्तिय पडल्यावर तिसऱ्या दिवशी, १७ जुलैला, पॅरिसच्या महापौराने राजाच्या हाती तिरंगी फीत दिली आणि त्याला ती टोपीला लावावी लागली. पुढे १७९२ मध्ये पुरुषांना ही फीत सक्तीची झाली आणि १७९३ मध्ये बायकांनाही. आणि त्याच १७९३ च्या ऑक्टोबरात फर्मान निघालं की कुणीही कुणाला अमुकच कपडे घाल म्हणून जबरदस्ती करायची नाही. एकाच श्वासात सक्ती आणि स्वातंत्र्य.

या स्वातंत्र्याला खाली बारीक अक्षरात एक अट होती : आपापल्या लिंगाला साजेसे कपडे. ती अट पुढे बायकांना भोवली. १८०० साली पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने हुकूम काढला की बाईला पँट घालायची असेल तर परवाना काढावा लागेल. नंतर सवलत मिळाली ती घोड्याचा लगाम किंवा सायकलचा दांडा हातात असेल तरच. हा हुकूम आता निर्जीव झाला असं सरकारने अधिकृतपणे सांगितलं २०१३ साली. होय, दोन हजार तेरा.

वाचनमात्र_नाना

म्हणजे बायकांना पँटचा सूट देणारा तो डिझायनर सें लोराँ १९६६ पासून कायदा मोडत होता? आणि त्याला सन्मानही त्याच सरकारने दिला? धन्य.

तिखटमिरची

सगळे भारावलेले दिसताहेत, मग मिरची मीच लावते.

१९८९ ठीक, तिथे एक कलावंत आणि एक गायिका होती. २०२४ बघा. २६ जुलैला ऑलिंपिकचं उद्घाटन, सेन नदीवर. तोही एका अर्थी राष्ट्रीय सणच होता; त्याच्यापायी १४ जुलैचं संचलनसुद्धा शाँझ-एलिझेवरून उचलून आव्हेन्यू फॉशला नेलं आणि कुत्यूरचा आठवडाही जूनमध्ये ढकलला. त्या उद्घाटनात काय दिसलं? लुई व्हितॉच्या पेट्यांची मिरवणूक. फ्रेंच खेळाडूंचे कोट बेर्लुतीचे. पदकं शोमेची. सेलिन दिऑन, लेडी गागा, आया नाकामुरा, तिघींच्या अंगावर डिओर. ही सगळी दुकानं एकाच मालकाची, एलव्हीएमएचची, आणि तोच प्रायोजक. राष्ट्राचा सण एका शेठजींनी मांडव घालून दिल्यासारखा झाला. आपल्याकडे गणपतीच्या कमानीवर गुटखेवाल्याचं नाव असतं तर नाकं मुरडतो, आणि तिथे पेटीवर एल आणि व्ही दिसलं की "अहाहा, काय ती अभिरुची"!

अलाया परका होता वगैरे भावुक गोष्टी बाजूला ठेवा. परक्यांना घेतात कारण माल विकला जातो.

कोथरूडची_केतकी

मिरचीताई, शोमेच्या त्या पदकात आयफेल टॉवरचं खरं लोखंड बसवलं होतं, १८ ग्रॅमचा षटकोनी तुकडा. तेवढं तरी छान होतं की नाही?

तिखटमिरची

छान होतंच. जाहिरात छानच असते, म्हणून तर लागू पडते.

सुईदोरा

@तिखटमिरची, पैशाचा मुद्दा सोळा आणे मान्य, पण तो २०२४ मध्ये जन्मलेला नाही. नेपोलियनने दरबारातल्या बायकांना लिऑंचं रेशीम घालायला लावलं ते तिथले माग चालावेत म्हणून. तिसऱ्या नेपोलियनची बायको युजेनी समारंभांना लिऑंच्या जड जरीच्या झग्यांत यायची. तिला ते मनापासून आवडत नसत आणि ती त्यांना आपले "राजकीय पोशाख" म्हणायची. ते शिवायचा कोण? वर्थ. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या प्रवेशद्वारावर नेहमीसारखी देवी न बसवता फॅशनेबल पॅरिसकरणीचा पुतळा उभारला होता आणि त्याचा पोशाख जान पाकँच्या दुकानाचा होता. लोकांनी तेव्हाही नाकं मुरडली होती. सण आणि बाजार यांचं लग्न इथे फार जुनं आहे, फक्त पूर्वी आमंत्रणपत्रिकेवर सरकारचं नाव वर असायचं.

त्या रात्रीचा मला भिडलेला भाग सांगते. ग्राँ पालेच्या छपरावर, भर पावसात, हातात झेंडा घेऊन अॅक्सेल सँ-सिरेलने मार्सेयेज म्हटलं. ही मुलगी फ्रेंच आहे, घराण्याची मुळं कॅरिबियनमधल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटाची. झगा डिओरचा, डिओरची तेव्हाची मुख्य मारिया ग्राझिया किउरी, रोमची. पस्तीस वर्षांनी तेच गाणं, परत कृष्णवर्णीय गायिका, परत बाहेरून आलेला हात. फरक इतकाच की १९८९ ला बाई पाहुणी होती, २०२४ ला घरची.

फुटबॉलवेडा_आठ्ठ्याण्णव

फॅशनमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, पण या धाग्यावर १९९८ राहून चाललंय ते बघवेना म्हणून लॉगिन केलं.

१२ जुलै १९९८, स्टाद द फ्रान्स, वर्ल्ड कपची फायनल, फ्रान्स विरुद्ध ब्राझील. मॅचच्या आधी मैदानावर ३०० मॉडेल्स उतरल्या, सगळ्यांच्या अंगावर ईव्ह सें लोराँचे कपडे, त्याच्या चाळीस वर्षांच्या कामातले. आम्ही टीव्हीसमोर बोंबलत होतो की अरे टीम दाखवा, रोनाल्डो खेळतोय की नाही ते सांगा, आणि हे काय रॅम्प वॉक लावलंय. शेवटी त्या मुलींनी गवतावर त्याच्या नावाची तीन अक्षरं केली.

मग मॅच. झिदानचे दोन, दोन्ही डोक्याने. पेतीने शेवटी तिसरा. ३-०. दोन दिवसांनी १४ जुलै. त्या वर्षी सण कुठला आणि विजयाचा जल्लोष कुठला हे वेगळं करायची सोयच नव्हती.

आता सुईदोरांच्या मुद्द्याला धरून : झिदानचे आईवडील अल्जीरियातून आलेले आणि सें लोराँचा जन्म ओरानचा, म्हणजे अल्जीरियाच. एक गोऱ्या वसाहतवाल्यांचा मुलगा, एक तिथल्या काबील मजुराचा. एकाच संध्याकाळी, एकाच गवतावर. यावर मला जास्त बोलता येणार नाही, कारण मला फक्त ते गोल आठवतात.

इतिहासाचार्य_धाकटे

@फुटबॉलवेडा, उत्तम. पण वर्थ, अलाया, सें लोराँ यांना "बाहेरचे" म्हणण्यात एक घोळ आहे. सें लोराँ जन्मला तेव्हा ओरान कागदोपत्री फ्रान्सच होतं. वर्थची कात्री लंडनच्या कापडदुकानांत घडली असेल, पण वर्थ हे प्रस्थ पॅरिसमध्येच तयार झालं. माणसं बाहेरून येतात. त्यांना मोठं करणारी यंत्रणा इथली. कारागीर, रेशीम, लेस, बटणं, पिसं, ग्राहक, वृत्तपत्रं, सगळं दोन मैलांच्या आत.

याचा सबळ पुरावा १९४० चा आहे. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर संपूर्ण कुत्यूर धंदा बर्लिन आणि व्हिएन्नाला हलवायचा बेत केला. कुत्यूरवाल्यांच्या संघटनेचा प्रमुख ल्युसियाँ लेलाँग बर्लिनला गेला आणि त्याने पटवून दिलं की हा धंदा उचलून नेता येत नाही; शेकडो छोट्या कारखान्यांच्या मुळांवर तो उभा आहे. बेत बारगळला. युद्ध संपता संपता, १९४५ च्या मार्चमध्ये, कापड नाही, कोळसा नाही, अशा पॅरिसात या लोकांनी माणसाच्या एक-तृतीयांश उंचीच्या तारेच्या बाहुल्या केल्या, त्यांना खरेखुरे कुत्यूरचे कपडे शिवले आणि लूव्रच्या इमारतीत प्रदर्शन मांडलं. बाहुलीच्या कोटाला खरी बटणं, खरी काजं, पिशवीत खऱ्या वस्तू. पुढे त्या बाहुल्या युरोपभर आणि अमेरिकेपर्यंत फिरल्या. आज त्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल नावाच्या आडगावच्या संग्रहालयात आहेत. मुक्तीचा सण लष्कराने रस्त्यावर केला, शिंप्यांनी टेबलावर.

बेळगावी_फौजी

नमस्कार मंडळी. कपड्यांवर इतकं बोलताय आणि १४ जुलैला सर्वांत जास्त कपडे कुणाच्या अंगावर असतात ते विसरलात.

२००९ साली भारत पाहुणा होता, मनमोहन सिंग मुख्य अतिथी. आपल्या तिन्ही दलांचे सुमारे ४०० जवान शाँझ-एलिझेवर चालले आणि संचलनाच्या अग्रभागी होती मराठा लाइट इन्फंट्री. १७६८ पासूनची पलटण, सेंटर आमच्या बेळगावात. त्या दिवशी सेंटरच्या आसपास ज्या घरात टीव्ही होता तिथे दाटीवाटीने लोक जमले होते, आणि सुनांना चहा करता करता पुरेवाट झाली. २०२३ ला परत भारताला मान मिळाला, तेव्हा पंजाब रेजिमेंट होती, वर आपली राफेल उडाली.

फौजी माणूस म्हणून सांगतो, त्या संचलनात पोशाख बघण्यासारखे असतात. सें-सीर या लष्करी अकादमीच्या कॅडेटच्या टोपीवर लाल-पांढऱ्या पिसांचा तुरा. एकोल पॉलिटेक्निक या लष्कराच्या अखत्यारीतल्या कॉलेजची पोरं दोन टोकांची नेपोलियनच्या काळातली टोपी आणि कमरेला तलवार लावून येतात, आणि ही पोरं म्हणजे इंजिनियर हो! पण सगळ्यांत भारी फॉरेन लीजनचे पायोनियर : छातीपर्यंत दाढी, कातडी एप्रन, खांद्यावर कुऱ्हाड. इतर पथकं मिनिटाला १२० पावलांनी जातात, हे ८८ ने. त्यामुळे त्यांना मागे ठेवतात, नाहीतर सगळी रांग तुंबेल. आमची लाइट इन्फंट्री उलट घाईची. दोघांना एकामागे एक ठेवलं तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणून बघा.

आणि सुईदोराताई, तुमच्या मुद्द्यात हेही घाला : लीजन म्हणजे मुळातच परदेशी लोकांची फौज. सणाला टाळ्या सगळ्यांत जास्त त्यांनाच.

सुईदोरा

काका, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही म्हणून मी आत्ता चरफडतेय. लीजनची पांढरी केपी टोपी आणि जेसी नॉर्मन एकाच वाक्यात बसवता आली असती.

माळव्याचा_मराठी

थोडं अवांतर. पॅरिस आणि पोशाख म्हटलं की इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे, विसाव्या शतकातले) आठवतातच. बुते द मॉन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन मोठी चित्रं काढली : एकात पाश्चात्त्य सूट आणि झूल, दुसऱ्यात पांढरा मराठेशाही पोशाख आणि पगडी. माणिकबाग राजवाड्याच्या फर्निचरमध्येही पॅरिसच्या कारागिरांचं काम होतं. मॅन रेने काढलेले फोटो आहेत ते वेगळेच. शोमेकडे तर त्यांच्या वडिलांनी १९१३ मध्येच हिरे घेतले होते.

वाचनमात्र_नाना

या विषयावर वेगळा धागा काढा हो, इथे वाया जातोय. मी पयला येईन.

अड्डेवाला

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी मुंबईत एम्ब्रॉयडरी एक्स्पोर्टमध्ये आहे, मर्चंडायझर. "बाहेरचे हात" म्हणताना तुम्ही सगळ्यांनी नावं असलेल्या माणसांची यादी केलीत. त्या यादीच्या खाली आणखी एक यादी आहे.

आरीकाम कसं होतं ते सांगतो. लाकडी अड्ड्यावर कापड ताणून बांधतात, भोवती सहा-आठ कारागीर मांडी घालून बसतात. बहुतेक बंगालचे, बिहारचे, उत्तर प्रदेशचे. नक्षी आधी ट्रेसिंग पेपरवर काढून रेषांवर सुईने भोकं पाडायची, त्याला खाका म्हणतात. खाका कापडावर ठेवून वरून खडूची पूड रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने फिरवली की नक्षी उमटते. मग आरी. टोकाला आकडा असलेली सुई, वरून खुपसायची, खालचा हात दोरा पकडवून देतो, वर ओढली की साखळीचा टाका. मोती, कटदाणा, टिकली सुईवरच उचलतात.

फ्रान्समध्ये याचंच भावंड आहे, लुनेव्हिलचं काम. तिथे मोती आधी दोऱ्यात ओवून घेतात आणि काम कापडाच्या उलट्या बाजूने करतात. कारागिराला नक्षीची पाठ दिसते, तोंड नाही. आमचा माणूस समोरून करतो. दोन्हीतलं कुठलं बरं यावर आमच्याकडे आलेल्या एका फ्रेंच बाई आणि आमचे मास्टरजी यांचं दुभाष्यामार्फत अर्धा दिवस भांडण चाललं होतं. शेवटी दोघांनी एकमेकांच्या सुया घेऊन करून दाखवलं आणि दोघांनीही तोंडातून शब्द काढला नाही.

तर सांगायचं हे की पॅरिसच्या कितीतरी बड्या दुकानांचं भरतकाम मुंबईत होतं, आणि तशी तोंडाला कुलपं लावणारी कलमं करारात असतात. आम्ही एका घराण्यासाठी केलेल्या कामाचा फोटो मासिकात आला तेव्हा खाली फोटोग्राफर, मॉडेल, मेकअप, केशरचना सगळ्यांची नावं होती. बोट दाखवून पोरांना "हे आपलं" म्हणायचीसुद्धा चोरी.

तिखटमिरची

हे माझ्या मुद्द्याला बळ देणारं आहे. शेठजी मांडव घालतात, बांबू बांधणाऱ्याचं नाव कोण विचारतो.

अड्डेवाला

ताई, पूर्ण तसंही नाही. किउरीबाईंनी मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या कारखान्याचं नाव उघड घेतलं. जानेवारी २०२० मध्ये डिओरचा कुत्यूर शो रोदँ संग्रहालयाच्या आवारात झाला, त्यात ज्युडी शिकागो या कलावतीचे प्रचंड पडदे टांगले होते, "बायकांनी जगावर राज्य केलं तर?" अशा प्रश्नांचे. ते भरले होते चाणक्यच्या शाळेतल्या मुंबईच्या बायकांनी, आणि तसं जाहीर सांगितलं गेलं. आरी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या हातात होती, ती त्या शाळेत बायकांना शिकवतात. पुढे २०२३ च्या मार्चमध्ये डिओरने शोच गेटवे ऑफ इंडियापाशी केला, कमानीला भरतकामाचं महाकाय तोरण लावून. आम्ही प्रतिस्पर्धी, तरी त्या रात्री आमच्या कारखान्यात सगळे मोबाइलला चिकटून बसले होते. तोरणातल्या टाक्यांची नावं घेत होते, हे झरदोजी, हे आरसे, हे अमकं.

तरी तो शो फ्रान्सचा सण नव्हता. झेंड्याच्या रंगाचा झगा १४ जुलैला कुणी घालेल, त्यावर आमचं काम असेल आणि नाव सांगितलं जाईल, तेव्हा मला कळवा.

कोथरूडची_केतकी

अड्डेवाला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आणि नाव घेण्यावरून आठवलं, २०२१ च्या जुलैत मुंबईच्या वैशाली शडांगुळे पॅरिसच्या कुत्यूर आठवड्यात गेल्या, तिथे दाखवणारी पहिली भारतीय स्त्री. मूळच्या विदिशाच्या. त्या खणाचं कापड वापरतात, आपल्या आज्यांच्या चोळ्यांचा गुळेदगुड्डचा खण! आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, मेलं चोळीचं कापड पॅरिसला कशाला.

इतिहासाचार्य_धाकटे

मारियानचा उल्लेख अजून कुणी केला नाही, तो करून मी रजा घेतो. मारियान म्हणजे प्रजासत्ताकाची मूर्ती, प्रत्येक नगरपालिकेत तिचा अर्धपुतळा असतो. मूळची चेहरा नसलेली कल्पना. १९६० च्या दशकाअखेर तिला ब्रिजित बार्दोचा चेहरा मिळाला, १९८५ ला कॅथरिन दनव्हचा. १९८९ मध्ये, त्याच द्विशताब्दीच्या वर्षी, निवड झाली इनेस द ला फ्रेसांजची. ती शनेलची करारबद्ध मॉडेल. लागरफेल्ड असा भडकला की दोघांचं फाटलं. आपण ऐतिहासिक वास्तूंना कपडे घालत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे ज्या जुलैत एक ट्युनिशियन शिंपी प्रजासत्ताकाला झग्यात गुंडाळत होता, त्याच सुमाराला एक जर्मन शिंपी तिला दारातून हाकलत होता.

सुईदोरा

वा! हे मूळ लेखात हवं होतं. आणि दनव्हला आयुष्यभर कपडे कुणी घातले? सें लोराँने. म्हणजे एका घराला मूर्ती नको होती आणि दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातच ती होती. १९९९ साली महापौरांनी मतं देऊन लेतिसिया कास्ताला मारियान केलं, तीही सें लोराँच्याच गोतावळ्यातली.

@अड्डेवाला, कळवीन. पण इथल्या कारखान्यातल्या बायकांचीही नावं कुणाला ठाऊक नसतात हेही सांगते. त्यांचा असा एकच दिवस, २५ नोव्हेंबर, संत कॅथरिनचा. पंचविशीतल्या अविवाहित मुलींना त्या दिवशी हिरव्या-पिवळ्या टोप्या घालायच्या, त्या मैत्रिणींनी चोरून केलेल्या. कुणाच्या डोक्यावर कात्रीचा मनोरा, कुणाच्या डोक्यावर शिवणयंत्र. बाहेर ही प्रथा जवळजवळ मेली, कुत्यूरच्या घरांत टिकलीय. लग्न न झालेल्यांना चिडवायची मूळ कल्पना मला मुळीच आवडत नाही, आताच्या मुलींनाही नाही, पण टोप्या मात्र जीव ओतून करतात. आणि याच शिवणाऱ्या पोरींनी १९१७ च्या मेमध्ये, ऐन महायुद्धात, पॅरिसच्या रस्त्यावर संप करून शनिवारची अर्धी सुट्टी मिळवली होती. ती त्यांच्यासाठी कायद्याने झाली, महिन्याभरात.

तिखटमिरची

याला म्हणतात संचलन. बाकी राहू दे, या संपावर लिही. मी तिखट न घालता वाचेन.

कोथरूडची_केतकी

लिहीच. पण त्याआधी माझं काम कर गं! १४ जुलैला नक्की काय काय बघायचं? आणि घालायचं काय? सासूबाई पैठणी नेसायची म्हणताहेत.

सुईदोरा

संचलन सकाळी असतं, तिकीट नाही, पण पुढे उभं राहायचं तर दोन-अडीच तास आधी पोचा आणि पिशवी लहान ठेवा, तपासणी कडक असते. शाँझ-एलिझेवर खूप वर जाऊ नका, मध्यात उतारावर थांबा, पथकं लांबून येताना दिसतात. पायी पथकांत शेवटी लीजन येते, तोवर हलू नका. काकांचे दाढीवाले चुकतील. आतषबाजी रात्री उशिरा, आयफेलपाशी. त्यासाठी आयफेलसमोरच्या शाँ-द-मार्स मैदानावर चेंगरण्यापेक्षा नदीवरचा एखादा लांबचा पूल बरा.

आणि १३ किंवा १४ च्या रात्री अग्निशामक दलाच्या नाचाला जाच. बंब बाहेर काढून ठाण्याच्या अंगणात बँड लावतात, सगळं गाव येतं, दारात पिंप ठेवलेलं असतं त्यात मनाला येईल तेवढे पैसे टाकायचे. ही पद्धत १९३७ ला माँमार्त्रच्या ठाण्यापासून सुरू झाली म्हणतात. तिथे कुणी कुणाचे कपडे बघत नाही.

सासूबाईंना पैठणी खुशाल नेसू दे, संचलनाला नको, संध्याकाळी. पायात सपाट चपला, कारण सगळीकडे दगडी फरशी. आणि पिन भरपूर.

वाचनमात्र_नाना

पैठणीवर अग्निशामक दलाबरोबर नाच. केतकी, फोटो नाही तर विश्वास नाही.

बेळगावी_फौजी

पॅरिसचं अग्निशामक दल लष्करात मोडतं, नेपोलियनने १८११ साली उभं केलेलं. सासूबाईंना सांगा, शिस्तीतली पोरं आहेत.